बिनकारणाचा वाटा

वादळ आलं आणि अर्ध्या तासात निघूनही गेलं. पावसाचा थेंब नाही, नुसती धूळ. पण जाताजाता त्यानं तापीकाठचे विजेच्या उच्च दाबाच्या तारांचे मनोरे आडवे केले आणि केळीचा सगळा पट्टा विजेवाचून राहिला. मे महिना होता. पारा सत्तेचाळिसाच्या खाली यायला तयार नव्हता. वीज कंपनीचा निरोप आला, "किमान चार दिवस लागतील."

सावद्याबाहेरच्या केळीबाग कॉलनीतले लोक पहिल्या दिवशी निश्चिंत होते. त्यांच्याकडे स्वतःची बॅटरी होती.

कॉलनीच्या टोकाला, मोकळ्या प्लॉटवर, ट्रकएवढी एक पांढरी पेटी उभी होती. तिच्यात लिथियमच्या हजारो घटांच्या रांगा होत्या. सगळ्या छपरांवरच्या सौर पॅनेलची वीज दिवसा तिच्यात साठायची आणि संध्याकाळपासून घराघरांत परत जायची. बाहेरची लाइन गेली की कॉलनी क्षणात तिच्यापासून तुटून आपली आपण चालू लागायची. याला तंत्रज्ञ 'बेट होणं' म्हणत. आता तो शब्द बायकांच्या तोंडीही बसला होता. "आपण बेट झालो गं, मिक्सर नको लावूस," असं एकमेकींना गच्चीवरून ओरडून सांगत.

कुणाला किती वीज द्यायची हे एक प्रणाली ठरवायची. लोकांनी तिचं नाव वाटाड्या ठेवलं होतं. वाटाड्या प्रत्येक घराच्या मीटरशी जोडलेला होता. कुठल्या घरात पंप केव्हा लागतो, कुठे दुपारी दोन पंखे फिरतात, हे पाहून पाहून तो शिकला होता. बेट झाल्यावर तो उद्याच्या उन्हाचा अंदाज घ्यायचा, बॅटरीतली शिल्लक बघायचा आणि प्रत्येक घराला हिस्सा ठरवून द्यायचा. हिश्श्यापेक्षा जास्त ओढलं की मीटर बंद. ज्यांच्या घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा तसलं काही होतं, त्यांना वैद्यकीय वाटा वेगळा मिळे. अशी घरं चारच होती.

वाटाड्याचा निर्णय बदलण्याचा अधिकार एकाच माणसाला होता, निवडून आलेल्या व्यवस्थापकाला. मात्र त्याला एक अट होती. आधीच्या व्यवस्थापकानं एका उन्हाळ्यात सगळ्यांचे पंखे बंद असताना स्वतःच्या घरात एसी चालवला होता. तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या वासुदेव फिरके काकांनी ठराव मांडला: कुणाला जादा वीज दिली, किती दिली आणि का दिली, हे त्याच क्षणी प्रत्येकाच्या फोनवर दिसलं पाहिजे. ठराव एकमतानं मंजूर झाला. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या हेमांगी भारंबेनं वाजवल्या होत्या. पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिलाच व्यवस्थापक केलं. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि तिचं बोलणं सरळ होतं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी हेमांगीची झोप उडाली. वादळ गेलं तरी धूळ आभाळात तशीच लटकून होती. सूर्य जुन्या पितळी ताटलीसारखा दिसत होता. पॅनेल नेहमीच्या निम्मीही वीज देत नव्हते. शिवाय बॅटरीलाही गरमी सोसत नाही. घट एका मर्यादेपलीकडे तापले तर धोका असतो, म्हणून पेटी स्वतःलाच थंड ठेवण्यात वीज खाऊ लागली होती. वाटाड्यानं हिस्से कापले. घराला दोन पंखे आणि दिवे, बस. नगरपालिकेचे पंप बंद, त्यामुळे कूलरमध्ये ओतायला पाणी नव्हतं. ज्यांना अगदीच सोसवत नाही त्यांच्यासाठी सभागृहातला एक एसी चालू ठेवायचं ठरलं.

आणि त्या दुपारी कॉलनी अचानक आजारी पडली. दमा, रक्तदाब, चक्कर, छातीत धडधड. वैद्यकीय वाट्यासाठी अर्जांवर अर्ज येऊ लागले. हेमांगी डोक्याला ओला पंचा गुंडाळून घरोघर फिरली. जावळ्यांच्या सुनेनं सासूबाईंच्या दम्याचा अर्ज केला होता. हेमांगी पोचली तेव्हा सासूबाई गच्चीवर उन्हात बसून वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे उलटत होत्या.

"व माय, हेमांगी! ये, गरमगरम बिबडा खाऊन जा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

सून जिन्यात लाल होऊन उभी होती. हेमांगीनं अर्ज तिथल्या तिथे रद्द केला. "डॉक्टरांचा कागद असेल तर बोला," ती त्या दिवशी प्रत्येक दारात हेच म्हणाली. संध्याकाळपर्यंत निम्मी कॉलनी तिच्याशी बोलेनाशी झाली. फिरके काकांनी मात्र तिला हाक मारून थांबवलं.

"बरोबर करतेयस. कुणाचीही भीड ठेवू नकोस," ते म्हणाले. आत त्यांच्या पत्नी, कमलकाकू, नाकात नळी घालून पडल्या होत्या. ऑक्सिजनचं यंत्र उशाशी घुरघुरत होतं. "हे बंद पडलं तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही. तुझ्या काटेकोरपणावर ती जगतेय."

हेमांगी घरी आली तेव्हा ते वाक्य तिच्या पाठीवर बसूनच आलं.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना तिची जाऊ आली. मोहिनी, तिचा धाकटा दीर चेतन याची बायको. दोघं समोरच्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत. चेतन तिथेच गणिताचे क्लास घ्यायचा. दहावी-बारावीची मुलं तालुक्यातून त्याच्याकडे येत.

मोहिनीनं आत येऊन दार लावलं. हेमांगीचा नवरा योगराज सभागृहात पाणी वाटायला गेला होता. तरी तिनं आजूबाजूला पाहिलं.

"ताई, आमच्या क्लासरूमचा एसी चालू करून द्या. आजची रात्र फक्त."

हेमांगीला वाटलं, ही थट्टा करतेय. "अगं, लोकांना पंखा पुरत नाहीये. काय झालं?"

"त्यांचे हात थरथरताहेत. सकाळपासून दोनदा उलटी झाली. आता चालताना तोल जातोय, बोलणंही जड झालंय."

"मग ऊन लागलंय. सभागृहात घेऊन ये ना, नर्सही आहे तिथं."

"ते येणार नाहीत." मोहिनी खालीच बसली. मग तिनं एकदाचं सांगून टाकलं. चेतनला मनाचा आजार होता. कॉलेजात असताना पहिल्यांदा झाला. काही महिने आभाळाला हात लागल्यासारखं वाटायचं, झोपेची गरज नाही, पैसा उधळायचा. मग काही महिने अंथरुणातून उठणं नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि गेली कित्येक वर्षं तो ठणठणीत होता. लग्नाआधी त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सख्ख्या भावालाही नाही.

"या गोळ्यांचं असं आहे," मोहिनी म्हणाली, "अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की औषध लघवीतून बाहेर पडत नाही. रक्तात साठतं. त्याचंच विष होतं. डॉक्टरांशी आत्ताच बोलले. म्हणाले, गोळी बंद करा, मीठ-साखरेचं पाणी पाजा, खोली थंड ठेवा आणि गाडी मिळेल तसं जळगावला आणा. रुग्णवाहिका सकाळी येते म्हणाली. दुसऱ्या कुणाची गाडी मागावी, तर कारण सांगावं लागेल. उष्माघाताचे पेशंट इतके आहेत की..."

हेमांगीनं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"मोहिनी, डॉक्टरांचा कागद आहे ना? वैद्यकीय वाटा मिळेल की."

"तो सगळ्यांच्या फोनवर दिसेल, ताई. औषधाच्या नावासकट. मागं फैजपूरच्या त्या मास्तरांचा असाच आजार कळल्यावर काय झालं? शाळेनं काढलं नाही, पण एकेका आईबापानं मूल काढून घेतलं. यांनी मला शपथ घातलीय. सभागृहात नेलं तर नर्स पहिला प्रश्न हाच विचारणार, कुठलं औषध चालू आहे?"

हेमांगी तिच्याबरोबर गेली. स्लॅबखालची ती खोली भट्टीसारखी होती. चेतन गादीवर बसला होता, ओठ कोरडे, बोटं सतारीच्या तारेसारखी हलत होती. तिला पाहून तो हसायचा प्रयत्न करू लागला.

"वहिनी," तो जड जिभेनं म्हणाला, "तुमच्या बॅटरीत आहे... तेच माझ्या रक्तात आहे. दोघांनाही... गरमी सोसत नाही."

"भाऊजी, सांगून टाकू या ना. लोक समजून घेतील."

"काल तुम्ही दारोदार फिरलात. लोक कसे आहेत... तुम्हीच सांगा."

तिनं फोन काढला. वाटाड्यानं विचारलं: घर कोणतं? तिनं सांगितलं. किती? एसीपुरती. मुदत? सकाळपर्यंत. मग पडद्यावर ओळ आली: 'यामुळे पहाटेपर्यंतची राखीव शिल्लक धोक्याच्या रेषेजवळ येईल. कारण लिहा.'

राखीव शिल्लक म्हणजे काय, ते तिला पाठ होतं. चार घरं. कमलकाकूंचं यंत्र.

उष्माघात असं लिहावं, तर ऊन लागलेल्यांनी सभागृहात यावं हा नियम तिनंच सकाळी सगळ्यांना पाठवला होता. नादुरुस्ती लिहावी, तर खोटं. तिला खोटं लिहवेना आणि खरं लिहिता येईना. शेवटी तिनं जे लिहिलं ते खरंही होतं आणि तिचा सत्यानाश करणारंही: 'माझ्या दिराचं घर आहे.'

एसी घरघरला. खाली गल्लीत, एका घरामागून एका घरात, फोन वाजत गेले.

ती घरी पोचायच्या आत योगराज दारात उभा होता. घामानं आणि संतापानं त्याचा चेहरा चमकत होता.

"हे काय लिहिलंस तू? सभागृहात सगळे माझ्याकडे बघताहेत. जावळे मला म्हणाले, आमच्या आईला नाही आणि तुमच्या भावाला एसी?"

"गरज होती, अहो."

"कसली गरज? काय झालंय त्याला?"

"मला सांगता येत नाही."

"माझ्या भावाबद्दल मला सांगता येत नाही?"

तिनं मान हलवली. तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती आत्ताच या घरात राहायला आली आहे. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. हेमांगी फोनवरचा आलेख बघत होती. बॅटरीतून निघणारी वीज आणि सगळ्या मीटरमधून गेलेली वीज यांच्यातला फरक वाटाड्या वेगळा दाखवायचा. ती गळती. एरवी ती रेघ जमिनीला चिकटून असे. आता ती वर सरकू लागली. कुणीतरी मीटरला बगल देऊन सरळ तार टाकली होती. मग आणखी कुणीतरी. वाटाड्याला गळती किती हे कळत होतं, कोण करतंय हे कळत नव्हतं. त्याचं सगळं गणित लोक साधारण प्रामाणिक राहतील यावर उभं होतं. तो दर काही मिनिटांनी नवा अंदाज देत होता आणि प्रत्येक अंदाज आधीच्यापेक्षा वाईट होता. शिल्लक पहाटेपर्यंत पुरेल. मग, पहाटेआधी संपेल. मग, मध्यरात्रीनंतर वैद्यकीय वाटाही देता येणार नाही.

आपण एक एसी लावला आणि त्याच्या नावावर पाच लागले, असं तिला झालं. तिचं बोट चेतनच्या घराच्या खुणेवर जाऊन थांबलं. एक दाब पुरे होता. एसी बंद केला तर लोकही तारा काढतील. कदाचित. आणि चेतन?

तेवढ्यात गल्लीतून फिरके काका येताना दिसले. ते तिच्या दाराशी थांबले नाहीत. सरळ समोरच्या इमारतीचा जिना चढू लागले. कॉलनीच्या समितीचे सदस्य म्हणून कुठल्याही घराची तपासणी करायचा हक्क त्यांना होता, तो हक्कही त्यांनीच ठरावात घातला होता. हेमांगी धावत मागे गेली. ओट्यावरून योगराजही उठला.

वरच्या दारात मोहिनी आडवी उभी होती.

"काका, आत नका येऊ. पाया पडते."

"बाजूला हो," काका धापा टाकत म्हणाले. "माझी बायको खाली मोजून श्वास घेतेय. इथं कुठला समारंभ चाललाय ते मला बघू दे. आणि हेमांगी, तुझ्याकडून? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"येऊ दे त्यांना," आतून चेतनचा आवाज आला. मघापेक्षा थोडा स्पष्ट.

काका आत गेले. खोली गार होती. चेतन भिंतीला टेकून होता, शेजारी बादली, मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या. हात अजून थरथरत होते. त्यानं उशीखालचं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. काकांनी चष्मा वर करून नाव वाचलं. मग सोबतची डॉक्टरांची चिठ्ठीही वाचली.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून. कॉलेजपासून."

"आणि सकाळी?"

"जळगावला नेणार आहेत."

योगराज उंबऱ्यात उभा होता. त्यानं भावाचे हात बघितले, मग पाकीट, मग बायकोकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलंस, चेतन?"

"तू लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलास, दादा, माझा भाऊ किती हुशार आहे म्हणून." चेतन थांबला. "ते मोडवेना."

योगराज त्याच्या शेजारी बसला. तांब्या उचलून त्याच्या तोंडाला लावला. चेतनचे दात भांड्यावर वाजत होते.

फिरके काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग एकदम म्हणाले, "योगराज, खुर्ची घे एक. कमलला इथंच आणू. थंड हवेत तिचं यंत्रही कमी तापेल. खालचे माझे पंखे बंद होतील, तेवढीच भर."

दोघांनी कमलकाकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने वर आणलं. फळ्याखाली त्यांची गादी घातली. यंत्र लावून झाल्यावर काकांनी फोन उघडला आणि दोन बोटांनी, सावकाश, सगळ्यांना निरोप टाइप केला: 'भारंब्यांच्या घरी जाऊन आलो. एसीचं कारण मी पाहिलं आहे. ते योग्य आहे. काय ते मला विचारू नका. ज्यांनी तारा टाकल्या आहेत त्यांनी काढाव्यात. माझी पत्नी आज याच विजेवर आहे. वा. ना. फिरके.'

हेमांगी आलेखाकडे बघत बसली. गळतीची रेघ बराच वेळ तशीच होती. मग थोडी खाली आली. थांबली. पुन्हा खाली आली. शून्यावर ती शेवटपर्यंत आली नाही. कुणीतरी एकदोघांनी तार काढलीच नाही, आणि ते कोण हे कधीच कळलं नाही. तरी वाटाड्याचा अंदाज पहाटेपलीकडे सरकला. उजाडलं तेव्हा बॅटरीत जेमतेम तळ झाकेल एवढी वीज होती, आणि कमलकाकू फळ्याखाली झोपल्या होत्या. त्या वेळी रुग्णवाहिका फाटकातून आत आली.

चेतन आठवड्यानं परत आला. किडन्या वाचल्या होत्या. काका काही बोलले नाहीत, पण कॉलनीला गप्प बसवत नाही. लोकांनी आपापलं कारण शोधून काढलं: दारू. थरथरणारे हात, उलट्या, जड जीभ, आणखी काय असणार? गंमत म्हणजे एकाही पालकानं मूल काढून घेतलं नाही. जावळ्यांची सून हेमांगीला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "होतं हो असं. आमच्याकडेही सासरे घ्यायचे." मोहिनीनं हे ऐकलं आणि ती हसावं की रडावं अशी बघत राहिली.

महिन्याच्या सभेत फिरके काकांनी दोन ठराव मांडले. पहिला, खरं कारण न लिहिता जादा वीज देऊन नियम मोडल्याबद्दल हेमांगी भारंबे यांना व्यवस्थापकपदावरून दूर करावं. "तिनं योग्य केलं आणि नियम मोडला. दोन्ही खरं आहे," ते म्हणाले. हेमांगीनं स्वतःच हात वर करून बाजूनं मत दिलं. दुसरा ठराव असा, की बेट झाल्यावर बॅटरीतला एक हिस्सा असा राखावा, जो मागणाऱ्याला कारण विचारलं जाणार नाही आणि त्याचं नावही कुणाला दिसणार नाही. यावर खूप भांडण झालं. लोक लुटतील, असं निम्मे म्हणाले. ठराव थोडक्या मतांनी तरला. तो 'बिनकारणाचा वाटा' म्हणून ओळखला जाऊ लागला.

पुढच्या एप्रिलच्या अखेरीस उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि दुसऱ्याच दिवशी लाइन गेली. दुपारी नव्या व्यवस्थापकाचा, लोकेश बोंडेचा, हेमांगीला फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"मॅडम, बिनकारणाच्या वाट्याला अकरा घरांनी अर्ज केलेत. वाटाड्या म्हणतो, सहाच बसतील. मी विचारू शकत नाही, आणि विचारल्याशिवाय निवडू कसं?"

अकरा. हेमांगीला आजवर कॉलनीत आजारी घरं पाचच माहीत होती, ती चार आणि चेतनचं. या अकरांत खोटी किती आणि इतकी वर्षं दार लावून बसलेली किती? तिला एकही नाव सांगता येईना.

"मला माहीत नाही, लोकेश," ती म्हणाली. "येते मी सभागृहात. बघू."

ती निघाली तेव्हा रस्त्यावरून वाफा निघत होत्या. सभागृहाच्या दाराशी पोचते तोच लोकेशचा दुसरा फोन आला. "मॅडम, दहा झाले. एकानं मागे घेतला."

दार ढकलून तिनं आत पाहिलं. सभागृह भरत आलं होतं. म्हातारी माणसं, लहान मुलं, पाण्याच्या बाटल्या. भिंतीशी, जावळ्यांच्या सुनेशेजारी, एक खुर्ची मोकळी होती. चेतन त्या खुर्चीकडे चालत गेला.

"सर, तुम्ही इथं?" सून म्हणाली. "तुमच्याकडे एसी आहे ना?"

"इथं एकाच एसीत सगळ्यांचं भागतंय," चेतन म्हणाला. "मला गरमी चालत नाही. गोळ्या चालू आहेत."

"कसल्या गोळ्या?"

चेतननं सांगितलं. आवाज न उतरवता, वर्गात सूत्र सांगावं तसं, आजाराच्या नावासकट.

जावळ्यांच्या सुनेनं मधल्या जागेतली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्याला जागा करून देण्यासाठी, की स्वतः दूर सरकण्यासाठी, ते हेमांगीला दारातून कळलं नाही.

चेतन मात्र बसला.